शालू लाल हवा, चेहरा नको!

लग्नाच्या छायाचित्रांत एक प्रकार हमखास घडतो. नवरीचा लाल शालू फिका वाटतो म्हणून संगणकावर रंग 'वाढवले' जातात आणि शालूबरोबर तिचा चेहराही नारिंगी होऊन बसतो. यात दोष ना कॅमेऱ्याचा, ना नवरीचा. सगळेच रंग एका मापाने वाढवल्याचा हा परिणाम असतो.

एखादा रंग करड्यापासून जितका दूर, तितकी त्याची संपृक्तता अधिक. ती पूर्ण उतरवली की चित्र कृष्णधवल होते. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि यू या कळा दाबल्या की 'ह्यू/सॅच्युरेशन'ची चौकट उघडते. तिथे आरंभी 'मास्टर' हा पर्याय निवडलेला असतो आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. त्याच यादीत लाल, पिवळा, हिरवा, सायन, निळा आणि मॅजेंटा असे सहा गट दडलेले असतात.

नुसता लाल गट निवडूनही काम पुरते भागत नाही. रंगचक्राच्या ३६० अंशांपैकी ३४५ ते १५ हा लाल गटाचा गाभा. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी ३० अंशांपर्यंत परिणाम हळूहळू ओसरत जातो. माणसाची त्वचा, गोरी असो वा सावळी, बहुधा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या नारिंगी पट्ट्यात मोडते. म्हणजे नेमकी या ओसरत्या भागात! चौकटीच्या तळाशी असलेल्या रंगपट्टीवरील खुणा सरकवून पिवळ्याकडची सीमा आत घेतली की शालू खुलतो आणि चेहरा बराचसा जागच्या जागी राहतो. लाइटरूममध्ये नारिंगीला स्वतंत्र पट्टी आहे, ती याच कामी येते. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही सहा रंगांची सोय आहे.

डोळ्यांवर मात्र फार विसंबू नये. हिरवेगार भासणारे गवत संगणकाच्या लेखी पुष्कळदा पिवळ्या गटात असते. हिरवा कितीही वाढवला तरी ते ढिम्म हलत नाही. अशा वेळी ड्रॉपरने चित्रातील त्या जागी टिचकी मारावी; योग्य गट सॉफ्टवेअरच शोधून देते.

वाढवण्यालाही मर्यादा आहे. नेहमीच्या जेपेग चित्रात लाल, हिरवा व निळा या प्रत्येक घटकाचे मूल्य ० ते २५५ एवढेच असते. लाल वरच्या टोकाला आणि बाकीचे दोन तळाला टेकले की शालूच्या चुण्या, जरीची वीण सारे एका सपाट लाल डागात बुडून जाते. शिवाय पडद्यावरचे काही भडक रंग चार शाईंच्या छपाईत उतरतच नाहीत.

हळदीच्या छायाचित्रांपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे पिवळा रंग त्वचेवरच चढलेला असतो. मग रंगाचा बदल वेगळ्या 'ॲडजस्टमेंट लेयर'वर करावा आणि त्याच्या मास्कवर चेहऱ्याचा भाग काळ्या ब्रशने झाकून घ्यावा.