शेवग्याला पाणी किती?

माझ्या धाकट्या बहिणीने दोहाच्या बाल्कनीत लावलेला शेवगा मागच्या वर्षी तिसऱ्यांदा मेला. तिने फोटो पाठवला. पिवळी पडलेली पाने, मऊ झालेला बुंधा आणि खाली पाण्याने भरलेली प्लास्टिकची थाळी. सोबत प्रश्न होता, "आपा, अम्मीच्या शेवग्याला कधी कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही, तरी तो पाखाडीला शेंगा पुरवतो. माझा का मरतो?"

चूक तिची नव्हती, माझी होती. तिकडे ऊन फार, म्हणून दोन वेळा पाणी घाल, असे मीच सांगितले होते. पान पिवळे दिसले की ती आणखी पाणी घालायची. शेवगा तहानला तरी पिवळा पडतो आणि मुळाशी पाणी साचले तरी पिवळाच पडतो. वरून फरक कळत नाही. दोन पेरे बोट मातीत घालून पाहिले तरच कळतो. माती ओली असेल आणि पान पिवळे असेल, तर पाणी ताबडतोब बंद करावे.

रोप लहान असताना उपटून पाहिले तर याचे कारण दिसते. खाली मुळ्यासारखे जाड, रसरशीत सोटमूळ असते आणि त्याला वासही मुळ्यासारखाच तिखट येतो. झाड आपल्या पाण्याचा साठा त्यातच करते. हिमालयाच्या पायथ्याच्या कोरड्या टेकड्यांवरचे हे मूळचे झाड. उन्हाळा कसा काढायचा हे त्याला ठाऊक आहे, पण चिखलात उभे राहणे त्याला जमत नाही. मातीतली हवा गेली की ते मूळ कुजते.

मग कोकणात तीन हजार मिलिमीटर पावसात शेवगा जगतो कसा? अम्मीचे झाड घरामागच्या जांभ्याच्या उतारावर आहे. पाऊस पडतो तसा वाहून जातो. तेच झाड खाली भाताच्या खाचराजवळ लावले असते तर एक पावसाळाही टिकले नसते. कोकणात जागा निवडली की निम्मे काम झाले. उतार नसेल तर हातभर उंच मातीचा ढीग करून त्यावर लावावे. आपल्याकडे मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर खोचतात. ती लवकर फुटते, पण तिला सोटमूळ नसते, म्हणून वादळवाऱ्यात असे झाड आडवे होते. घराच्या कौलांजवळ लावायचे असेल तर बियाच पेराव्यात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण रुचिरा' ही जात इकडच्या हवेसाठीच काढलेली आहे.

कोकणातली दुसरी तक्रार सुरवंटांची. पावसाळ्यात केसाळ सुरवंट दिवसा खोडावर झुंडीने चिकटून बसतात आणि रात्री पाने खातात. त्यांचे केस लागले की अंगाला आग होते. यावरून शेजाऱ्यांत भांडणे झालेली मी पाहिली आहेत. चांगली झाडे तुटलेलीही पाहिली आहेत. लोक पेटता पलिता लावतात, त्यात खोडाची सालही भाजते. त्यापेक्षा झुंड लहान असतानाच लांब काठीच्या झाडूने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडावी. हात आणि तोंड झाकावे, मुलांना दूर ठेवावे. दारात शेवगा नको, तो लाभत नाही, असेही काहीजण म्हणतात. मला वाटते, या समजुतीमागे सुरवंट आणि ठिसूळ फांद्याच असाव्यात. झाडावर चढायला मात्र मुलांना खरोखर मनाई करावी.

माझे सासर परभणीकडे. तिथे पाऊस कोकणाच्या चौथाईइतका, तरीही शेवगा पाण्यानेच मरताना पाहिला. काळी भारी जमीन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगा पाडून मुळे तोडते. ज्यांच्याकडे हलकी, मुरमाड जमीन आहे त्यांनी शेवगा तिथेच न्यावा. काळ्या मातीत लावायचाच असेल तर उंच वरंब्यावर लावावा. शेतात बहुधा तमिळनाडूच्या पेरियाकुलमची 'पीकेएम-1' ही जात दिसते. ती बियांपासून येते आणि सहा-सात महिन्यांत शेंगा देते. रोप अडीच फुटांचे झाले की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात. फूल येण्याच्या वेळी पाणी आणि युरिया भरपूर दिला की झाड नुसते पानांचे होते आणि फूल गळते. शेंगांचा हंगाम संपला की जमिनीपासून तीन फुटांवर सरळ छाटावे. पहिल्यांदा छाटताना जीव होत नाही, पण महिन्याभरात चहूबाजूंनी फूट येते.

आता दोहा. तिकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि रोपाला पाणी लागतेच. पण बहिणीशी बोलता बोलता एक गोष्ट कळली जी माझ्या डोक्यातही आली नव्हती. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी इतके तापते की नळाखाली हात धरवत नाही. तेच पाणी ती रोपाला घालत होती! वर काळी कुंडी, तीही तापलेली, आणि खाली थाळीत साचलेले पाणी. रोप शिजत होते आणि कुजतही होते. आता ती रात्री बादली भरून ठेवते आणि फजरच्या नमाजनंतर पाणी घालते. थाळी काढून टाकली. दोन फूट खोल टब घेतला, तळाला भोके पाडली, निम्मी वाळू आणि निम्मे शेणखत-माती भरली. टबाभोवती पांढरे कापड गुंडाळले. एसीचे ठिबकणारे पाणीही चालते. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे मातीत साचलेले मीठ धुवायला ते बरेच. जिथे विहिरीचे खारट पाणी आहे तिथे मात्र पानांच्या कडा करपतात.

पेरणीची वेळही बदलली. तिने पूर्वी मे महिन्यात सुट्टीवरून परतल्यावर बी लावले होते. आखातात ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी बरा. इथून जाताना बॅगेत बिया टाकून नेऊ नयेत. बहुतेक देशांत बियाणे आणण्यावर निर्बंध असतात. तिकडच्या रोपवाटिकेतून घ्याव्यात, ताज्या असाव्यात. रात्रभर भिजवून थेट टबातच पेराव्यात, कारण सोटमूळ दुखावलेले या झाडाला आवडत नाही. टबातल्या झाडाकडून पानांचीच आशा धरावी.

गंमत म्हणजे, अरबस्तानाला शेवगा परका नाही. हिजाजच्या आणि ओमानच्या डोंगरांत त्याचा भाऊबंद रानात उगवतो, त्याला अरबीत 'बान' म्हणतात. त्याची पाने इतकी बारीक की झाड नुसत्या काड्यांचे वाटते. अल-उला परिसरात त्याच्या बियांचे तेल काढण्याचा उद्योग आहे.

कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती केपटाऊनलाही आहे. तिकडचे हवामान आपल्या उलट. पाऊस जून ते ऑगस्ट, आणि तोच थंडीचा काळ. थंडीत शेवगा पाने टाकून झोपतो, पाणी पीत नाही, आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळतो. तिथे उंच वाफा किंवा पावसाळ्यात छपराखाली सरकवता येणारी कुंडीच हवी. इंग्लंडसारख्या बर्फाच्या देशात तो हिवाळाभर घरात, खिडकीपाशी, जवळजवळ कोरडा ठेवावा. पाने गळाली म्हणून फेकून देऊ नये. वसंतात खोड नखाने खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

झाड लावले आणि त्याचे माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर लावणाऱ्यासाठी तो सदका ठरतो, अशा अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. अम्मीला ती पाठ होती की नाही, मला माहीत नाही. पण सोडे घालून शेंगांचे कालवण करण्याआधी ती चार घरी शेंगा पाठवायची. पाने चहासारखी उकळून मधुमेह पळवणारे संदेश तेव्हा फिरत नव्हते. पाने जरूर खावीत, भाजीत, डाळीत, पिठात मळून, पण त्यांच्या भरवशावर औषध बंद करू नये. गरोदर बायकांनी मुळी आणि साल पोटात घेऊ नये.

बहिणीचे चौथे रोप ऑक्टोबरमध्ये उगवले. परवा तिचा फोन आला, रोप तिच्या गुडघ्याच्या वर आले आहे आणि शेंडा खुडायला हात धजत नाही. मी सांगितले, अडीच फूट होऊ दे, मग खूड, आणि खुडलेला कोवळा शेंडा त्याच दिवशी डाळीत घाल.