चिठ्ठीनं मिळालेला रूममेट

बारावीचा निकाल लागला की पालक विचारू लागतात : मुलाला हॉस्टेलवर ठेवावं, चौघांत फ्लॅट घेऊन द्यावा, की घरूनच जाऊ द्यावं? जोडीला एखादी बातमी असतेच, की घरचं जेवणाऱ्या मुलांना मार्क जास्त पडतात. अशा बातम्यांवर माझा फारसा विश्वास नाही. घरी राहणारी आणि बाहेर पडणारी मुलं मुळातच वेगळी. ऐपत वेगळी, गाव वेगळं. मग फरक डब्याचा की घराचा, हे ओळखायचं कसं?

त्याची युक्ती सापडली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. तिथं नव्या मुलांकडून फॉर्म भरून घेत : सिगारेट ओढता का, रात्री जागता का, अभ्यासाला गाणी लागतात का, टापटीप आहात की पसारेवाले? उत्तरांप्रमाणे गठ्ठे लावायचे, आणि प्रत्येक गठ्ठा चक्क हातानं पिसून खोल्यांच्या जोड्या लावायच्या! कचेरीच्या या रोजच्या कामात ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाला आयता प्रयोग दिसला. रूममेट कोणी निवडलेलाच नाही, म्हणजे फरक दिसला तर तो सोबतीचाच. 2001 साली त्यानं निष्कर्ष छापला : सोबत्याचा गुणांवर परिणाम होतो, पण बेताचा. मुख्य विषयाच्या निवडीवर तर सोबत्याचा परिणाम दिसलाच नाही.

केंटकीतल्या बेरिया कॉलेजात याहून झणझणीत उत्तर मिळालं. रूममेटनं व्हिडिओ गेम आणला, की दुसऱ्याचा अभ्यास दिवसाला सुमारे 40 मिनिटांनी घटे आणि गुणही घसरत.

जेवणाचं काय? मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात ज्या मुलींना वजनदार रूममेट मिळाली, त्यांचं वजन वर्षभरात जेमतेम पाव किलो वाढलं, बाकीच्यांचं किलोभर. वजनदार मुली खाण्यावर लक्ष ठेवत, व्यायाम करत. ती सवय बहुधा खोलीत पसरली. उलट ज्या इमारतीत खाली मेस होती, तिथल्या मुलींचं वजन जास्त वाढलं. जिना उतरला की ताट तयार, दुसरं काय होणार!

आपल्याकडच्या मेसमध्ये वाटी किती, पोळ्या किती, सगळं मोजून. अमेरिकेचे आकडे इथं चिकटवू नयेत. पण आपलेही रेक्टर दर जूनमध्ये खोल्या वाटतातच. त्यांना एकच विनंती : ओळखीपाळखी बाजूला ठेवून चिठ्ठ्या टाका, आणि कोण कोणासोबत राहिलं याची वही जपून ठेवा. सेमिस्टरचे निकाल कॉलेजकडे असतातच.