सामायिक बाग आणि बादल्यांचा हिशेब

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बऱ्याच शाळांच्या आवारात एकच दृश्य दिसते. जानेवारीत मेथी, पालक, टोमॅटोने भरलेले वाफे वाळून कोळ झालेले असतात. बी चांगले होते, शेणखत होते, विहिरीला पाणीही होते. सुट्टीत पाणी कोणी घालायचे एवढेच ठरले नव्हते. 'कोणीतरी घालेल' असे प्रत्येकाला वाटत राहिले आणि बाग गेली.

अनेकांनी मिळून सांभाळायच्या बागेत हा प्रश्न नेहमीच येतो. मातीचे शास्त्र आणि माणसांचे वागणे तिथे एकमेकांत गुंतलेले असते. ते कसे, हे एका उदाहरणाने पाहू.

किती पाणी, किती दिवसांनी?

बारामती शहराला लागून जळोची आहे. हा भाग पर्जन्यछायेतला; वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. समजा, इथल्या एका शाळेने आणि शेजारच्या दहा घरांनी मिळून एक गुंठ्यात भाजीपाला लावला आहे. गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. वाटा, आळी, खताचा खड्डा वजा जाता प्रत्यक्ष वाफे ५० चौरस मीटर धरू.

उन्हाळ्यात पिकाच्या पानांतून आणि मातीतून मिळून रोज साधारण ६ मिलिमीटर पाणी हवेत जाते असे माना. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. (का, ते विद्यार्थ्यांना काढू द्या.) म्हणजे रोज ५० × ६ = ३०० लिटर, म्हणजेच १५ लिटरच्या २० बादल्या. दहा घरांत वाटल्या तर प्रत्येकी दोन. काम एवढेच आहे, पण ते रोजचे आहे.

एखादी पाळी चुकली तर? काळी माती ओली करून जास्तीचे पाणी निथळू दिले, तर वरच्या ३० सेंटिमीटर थरात मुळांना घेता येईल असे साधारण ५० मिलिमीटर पाणी राहते. त्यातले निम्मे संपले की भाजीपाला सुकू लागतो. २५ ला ६ ने भागले की सुमारे चार दिवस येतात. हलक्या मुरमाड जमिनीत ही सवलत दोन दिवसांची किंवा त्याहूनही कमी. तेव्हा काळ्या जमिनीत दर तिसऱ्या दिवशी ६० बादल्यांची पाळी लावली तर एक दिवस इकडेतिकडे झाला तरी बाग तगते. पाचटाचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन घातले तर मातीतून उडून जाणारे पाणी कमी होते आणि मुदत थोडी वाढते. पाळीचे वेळापत्रक असे मातीवरून ठरवावे लागते.

जास्त पाणी घातले तर?

पाणी विसरण्याची भीती वाटली की माणूस उलट टोकाला जातो. 'माझ्या पाळीला दोन बादल्या जास्तच' असे प्रत्येकजण करू लागतो. यातला धोका सहज दिसत नाही.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेले पाणी आपल्याकडे दुर्मीळ नाही. अशा पाण्याच्या ३०० लिटरमधून रोज ३०० ग्रॅम क्षार वाफ्यांत येतात. ४५ दिवसांच्या सुट्टीत ते साडेतेरा किलो होतात. रोप पाणी घेते, ते पानांतून उडून जाते. क्षार बहुतांशी मातीतच राहतात. पावसाळ्यात ते धुऊन खाली जायला हवेत; पण भारी काळ्या मातीत निचरा मंद असतो. रोजच्या जास्तीच्या पाण्याने जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली, तर केशाकर्षणाने क्षारही पुन्हा पृष्ठभागाशी येतात आणि पांढरा थर दिसू लागतो. क्षारांत सोडियम जास्त असेल तर मातीचे बारीक कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते.

हे नीरा खोऱ्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या भागात आले. दुष्काळी टापूत ऊस उभा राहिला. पण काही वर्षांतच जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तांहाणे यांनी या खाऱ्या जमिनींचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. कालव्यातून पाझरणारे आणि शेतात जास्त दिलेले पाणी उताराने खाली जाते, त्यामुळे वरच्या शेतातल्या अतिरेकाचे फळ खालच्या शेताला भोगावे लागते. सामायिक गोष्टीत नुकसान असे उशिरा आणि भलत्याच ठिकाणी दिसते.

नियम कोणी केले?

अशा वाटपाचे जुने, यशस्वी प्रयोग महाराष्ट्रातच आहेत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत लाभक्षेत्राचे फड पाडलेले असतात आणि एका फडात एकच पीक घेतात. शेतकऱ्याची जमीन सहसा एकाहून अधिक फडांत असते. त्यामुळे टंचाईत एखादा फड पडीक ठेवला तरी तोटा एकाच्याच माथी येत नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असते.

बारामतीच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असा ठरला. भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला.

सामायिक मालमत्तेचा शेवटी नाशच होतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतली गायराने, पाट, मासेमारी अभ्यासून दाखवले, की लोक स्वतः नियम करून, स्वतः देखरेख ठेवून अशी मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पहिल्या चुकीला दंड हलका असावा, हाही त्यांच्या निरीक्षणांतला एक मुद्दा.

आपल्या बागेसाठी

सुट्टी लागण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून चार गोष्टी ठरवाव्यात. उन्हाळ्यात पाणी पुरेल तेवढेच वाफे ठेवावेत. पाळी घरागणिक लावावी आणि प्रत्येक पाळीला बदली माणूस नेमावा. विहिरीजवळ वही टांगून तारीख व बादल्या लिहाव्यात. पाळी घालणाऱ्यांनाच भाजीचा वाटा मिळावा. चुकलेली पाळी आच्छादन घालून किंवा खताचा खड्डा उपसून भरून काढावी. वाफे थोडे उंच ठेवून शेवटी निचऱ्याचा चर काढायला विसरू नये.

करून पाहा : विहिरीचे एक लिटर पाणी स्वच्छ पातेल्यात मंद आचेवर आटवा. शेवटचे थोडे पाणी बशीत घेऊन उन्हात सुकवा. उरलेली पांढरी पूड खरवडून शाळेच्या तराजूवर तोला. आलेल्या वजनाला वहीतल्या महिन्याच्या लिटरांनी गुणा. आपल्या बागेत महिन्याकाठी किती क्षार आले, ते विद्यार्थ्यांना आपल्याच आकड्यांतून समजेल.