नामिबपासून सुप्याच्या माळापर्यंत

यंदाच्या रथसप्तमीस आमच्या मांडवगण फराट्यात एका घरी हळदीकुंकू होते. त्या घरची लेक पुण्यास शिक्षिका आहे. गेल्या वर्षी ती केवळ स्त्रियांच्या एका मेळ्याबरोबर आफ्रिकेतील नामिबिया देशाची सफर करून आली. तिळगूळ झाला, वाण लुटून झाले, आणि मग तिच्या मोबाइलमधील छायाचित्रे पाहण्यासाठी बायकांनी तिच्याभोवती कोंडाळे केले. आम्ही ओसरीवर बसून होतो. हळदीकुंकवात पुरुषांनी डोकावू नये हा शिष्टाचार खरा, पण कानही बंद ठेवावेत असे कोणत्याही स्मृतीत सांगितलेले नाही.

'सफारी' हा शब्द ती वारंवार उच्चारीत होती. वाचकांस कौतुक वाटेल म्हणून सांगतो. 'सफर' हा मूळचा अरबी शब्द आम्ही फारसीच्या द्वारे घेतला. आफ्रिकेच्या पूर्वकिनाऱ्यावरील स्वाहिली भाषेने तोच घेऊन त्याची 'सफारी' केली, आणि ती इंग्रजांच्या हाती लागून आपल्याकडे आली. दोघी बहिणी दोन घरी पडाव्यात आणि पुढे एकीने दुसरीच्या दारी पाहुणी म्हणून यावे, तसा हा प्रकार.

लेकीने सांगितलेली हकिकत मोठी रसाळ होती. नामिब हे वाळवंट अटलांटिक महासागराच्या अगदी काठास लागून आहे. शेजारी अथांग पाणी आणि इकडे पावसाचा थेंब नाही. किनाऱ्यावरून वाहणाऱ्या थंड प्रवाहामुळे समुद्रावरून पाऊस येत नाही, धुके मात्र येते, आणि त्या धुक्यावरच तेथील कित्येक जीव जगतात. एक जातीचा भुंगेरा पहाटे वाळूच्या टेकडीवर चढतो, डोके खाली व पाठ वर करून उभा राहतो, आणि पाठीवर जमलेले दव ओघळून तोंडात येईल तेवढ्यावर दिवस काढतो. वेल्विचिया नावाच्या वनस्पतीस जन्मभरात दोनच पाने येतात, आणि ती जन्मभर वाढत राहतात. हा जन्मही हजार वर्षांहून अधिक असू शकतो! सोसुस्व्लेई येथील तांबड्या वाळूच्या टेकड्या तीनशे मीटरांहून उंच आहेत. ह्या बायांपैकी काही जणी पदर खोचून, म्हणजे अर्थात विजारी घालून, त्यांतील एकीच्या माथ्यापर्यंत चढल्या. उत्तरेस एतोशा नावाचे पांढरेशुभ्र क्षारपटाचे मैदान आहे. तेथील पाणवठ्यांवर हत्ती, जिराफ, सिंह आणि हरणे एकामागून एक येतात, आणि माणसाने फक्त गप्प बसून पाहावयाचे.

हिंबा नावाच्या गुराखी लोकांच्या वस्तीवरही त्या गेल्या होत्या. तेथील बायका गेरूची पूड लोण्यात कालवून अंगास व केसांस लावतात. त्यायोगे त्या तांब्याच्या मूर्तीप्रमाणे दिसतात. "म्हणजे आपली हळदच की!" असे कोणीशी म्हणाली, आणि आम्हांस वाटते त्या एका वाक्याने हिंबा स्त्रिया सर्वांच्या ओळखीच्या झाल्या.

इतक्यात नदीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या एक वृद्ध बाई बोलल्या, "एवढे पैसे खर्चून जनावरं बघायला गेलीस होय गं? आमच्या उसात ये. फुकट दाखवते."

सगळ्या हसल्या, आणि लगेच गप्पही झाल्या. कारण उघड आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांच्या आत दोन मुले आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात प्राणास मुकली. गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणाऱ्या बायकांची चित्रे त्यानंतर वृत्तपत्रांत आली. आमच्या गावच्या दैवताचे नाव वाघेश्वर; त्याच्यापुढे हात जोडणाऱ्या गावास आज दिवेलागणीनंतर गोठ्यापर्यंत जाण्याची भीती वाटते. ज्या बाईस पहाटे धारेसाठी उठावयाचे आहे तिला आफ्रिकेतील सिंहाचे कौतुक कोठून असणार?

येथे आमच्यातील मास्तर जागा झाला व आम्ही शिष्टाचार मोडून तोंड घातले. बिबट्या उसात मुळीचा नव्हे. आपण त्याला तेथे जागा करून दिली. भीमेच्या व घोडच्या पाण्यावर वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा दाट ऊस, जवळच पाणी, खावयास कुत्री, डुकरे, शेळ्या. मग अरण्य ते आणखी कोणते? मादी तेथेच पिले घालते आणि तोडणीच्या वेळी ती पिले कोयत्यापुढे येतात. आमच्या ह्या पर्जन्यछायेच्या मुलुखाचे खरे रूप म्हणजे माळ: गवत, बोर, हिवर, बाभळ. सरकारी दप्तराने त्यास पडीक म्हटले व आपणही तसेच म्हणू लागलो. पण एतोशाभोवतालच्या मैदानाशी नाते आहे ते ह्याच माळाचे. तेथला चित्ता एके काळी हिंदुस्थानातील माळांवरही होता. त्याचे नावदेखील आपलेच आहे. चित्र म्हणजे ठिपकेदार, त्यावरून चित्रक, त्यावरून चित्ता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापूर संस्थानाने काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागविले होते. १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे जे आठ चित्ते आणून सोडले, ते नामिबियातूनच आले.

"मग असा माळ जवळ कुठे आहे का, ते सांगा," लेक म्हणाली. अशा रीतीने सुप्याचा बेत ठरला.

आम्ही ह्या बेतास प्रथम विरोध केला हे कबूल करणे भाग आहे. ऊन फार, बायकाच बायका, रस्त्यात गाडी बिघडली तर काय, अशी कारणे आम्ही पुढे मांडली. आमच्या मंडळींनी एकाच वाक्यात आमचा निकाल लावला: "वारीला पंढरपूरपर्यंत चालत जातो, तेव्हा कुठे असता तुम्ही?" ह्यास उत्तर नव्हते. पुढे आम्हांसही बरोबर घेण्यात आले, ते रक्षणार्थ नव्हे, तर पाण्याची पिंपे उतरविण्यासाठी.

फाल्गुनातील एका पहाटे अकरा बायका व आम्ही असे भीमा ओलांडून निघालो. वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते हेच. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आमच्या घरांतून एके काळी फार कडू बोलले गेले, आणि आमचे मत त्या बाबतीत आजही त्यांच्याशी जुळत नाही. परंतु बालपणी वडिलांबरोबर तीर्थयात्रा करीत देशभर पायी हिंडलेली, १८८३ त इंग्लंडास व १८८६ त अमेरिकेस गेलेली, आणि १८८९ त आपले अमेरिकेचे प्रवासवृत्त मराठीत छापणारी ही विदुषी १९२२ त ह्याच केडगावी वारली, हे गाडीतल्या अकरांपैकी आठ जणींस ठाऊक नव्हते. आम्ही येथून हाकेच्या अंतरावर जन्म काढला. त्यांना हे कोणी सांगावयाचे होते?

चौफुल्यावरून सुप्यास पोहोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले; विस्तार सुमारे ५ चौरस किलोमीटर. एतोशाचे उद्यान २२ हजार चौरस किलोमीटरांवर पसरले आहे, तेव्हा तुलना करू नये हे बरे. वाळलेले सोनेरी गवत गुडघ्यापर्यंत, मध्ये विरळ झाडे आणि वर नुसते आकाश. प्रथम कोणासच काही दिसेना. आमच्या डोळ्यांत नुकतीच भिंगे बसविली असून आम्हांस सर्वांत कमी दिसले. पहिले हरीण पाहिले ते त्या उसाकाठच्या वृद्ध बाईंनी. रानात नजर कशी टाकावी हे त्यांना शिकवावे लागले नाही.

चिंकारा तो. अंग तांबूस, पाय काड्यांसारखे, पाठीमागे सतत हलणारी काळी शेपटी. नरास शिंगे असतात तशी मादीसही असतात, मात्र लहान. पाण्यावाचून तो पुष्कळ दिवस राहू शकतो. पाल्यातील व दवातील ओल त्यास पुरते. संशय आला की पाय आपटतो आणि शिंकल्यासारखा आवाज करतो. संस्कृत कोशात हरणाच्या एका जातीस छिक्कार म्हटले आहे आणि शिंकेस छिक्का. आम्ही हे सांगू लागलो तोच तो खरोखर शिंकला, व आमचे व्याख्यान तेथेच संपले. (कृष्णसार म्हणजे काळवीट पाहावयाचा असल्यास भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीस जावे. ज्या देशात तो स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असे मनूने म्हटले आहे. त्या न्यायाने आपल्या माळास पडीक म्हणणे हे शास्त्रविरुद्धच ठरते.)

पुढे पाणवठ्याजवळ पखुर्ड्यांचा थवा उतरला. ह्या पक्ष्यांतील नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून कित्येक मैल उडत जातो व पिले ती ओली पिसे चोखून पाणी पितात. नामिबकडच्या पखुर्डीविषयी लेकीने हेच सांगितले. ते ऐकून एक बाई म्हणाल्या, "पाखरांत तरी पाणी भरायला बाप जातो." सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही पिंपे उतरवू लागलो.

परतीच्या वाटेवर धनगराचा वाडा उतरलेला दिसला. दिवाळीनंतर बरेच मेंढपाळ कोकणात उतरतात, पण सगळेच जात नाहीत. घोड्यावरचे ओझे उतरवून बाई एकटीच पाल ठोकीत होती. हिंबा लोकांतही झोपडी बांधावयाचे काम बायकांचेच, असे लेक म्हणाली. वृद्ध बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि रात्री भीती वाटत नाही का, असे त्यांनी विचारले. लांडगा येतो, धनगरीण म्हणाली, कधी एखादे कोकरू नेतो. "त्याचा बी वाटा असतोय. पर पोरावर न्हाई येत तो." वृद्ध बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचा येतो."

नामिबियात १९९६ च्या कायद्याने वन्य प्राण्यांपासून होणाऱ्या उत्पन्नात गावकऱ्यांस हक्क मिळाला. जनावर जगले तर गावास काही मिळते. आमच्या वस्तीस बिबट्यापासून काय मिळते, हा प्रश्न त्या बाईंनी लेकीस गाडीत विचारला. तिच्यापाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नाही.

मोरगावी मयूरेश्वराचे दर्शन घेऊन निघालो तेव्हा दिवस कलला होता. भीमेचा पूल ओलांडताच दोन्ही बाजूंस ऊस लागला. गाडीतील बोलणे आपोआप थांबले, काचा वर चढल्या, चालकाने भोंगा वाजवीत गाडी हळू घेतली. वस्तीच्या फाट्यावर वृद्ध बाईंचा मुलगा हातात काठी व विजेरी घेऊन उभा होता. उतरताना त्यांनी मोरगावचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला, विजेरी आपल्याकडे घेतली, आणि उसाकडे प्रकाश टाकीत त्या पुढे चालू लागल्या.