फ्लॅशचा उजेड पोहोचतो किती?

अंबडच्या मत्स्योदरी देवीचं मंदिर टेकडीवर आहे. रात्री पायथ्यावरून फोटो काढताना कॅमेऱ्यावर वेगळा फ्लॅश चढवला की मंदिर उजळेल, असा समज सर्रास आढळतो. तसं होत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नव्हे, चौथाईच उरतो. टॉर्च भिंतीपासून मागे नेत गेलं की प्रकाशाचा गोल मोठा होतो आणि फिका पडतो, तेच इथे घडतं.

फ्लॅशचा आवाका गाइड नंबरवरून (ताकदीचा आकडा) काढतात. गाइड नंबर ४० मीटर आणि ॲपर्चर (भिंगातलं प्रकाशाचं छिद्र) एफ ४ असेल, तर ४० भागिले ४, म्हणजे १० मीटर. हे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० धरून. आयएसओ ४०० केल्यास २० मीटर. खोक्यावरचा आकडा बहुधा फ्लॅश पूर्ण झूम करून मोजलेला असतो. रुंद चौकटीत तो बराच घटतो, हे विकत घेतानाच विचारून घ्यावं.

पायथ्यावरून फ्लॅश बंदच ठेवावा. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून शटर काही सेकंद उघडं ठेवलं, की मंदिरावरच्या दिव्यांचाच उजेड पुरतो. फ्लॅश खरा कामाला येतो तो पायऱ्यांवर, तीन-चार मीटरवर परडी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यासाठी. तिथेही पूर्ण ताकद नको. पाव ताकदीने सुरुवात करावी.