स्वादुपिंडाची गाठ : जुनी सूज की कर्करोग?

बेगम बाजारात घाऊक मालासाठी जाणाऱ्या आपल्या लोकांना जवळचे उस्मानिया रुग्णालय ठाऊक आहेच. तेथे वा अन्यत्र "स्वादुपिंडात गाठ आहे" असे ऐकले की घरचे हवालदिल होतात. परंतु प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते.

जठरामागची ही ग्रंथी वर्षानुवर्षे सुजली की कडक होते. दारू हे मोठे कारण. पण दक्षिण भारतात दारू न पिणाऱ्या तरुणांनाही हा विकार होतो.

शेतातील पाट आठवा. गाळ साचला तरी पाणी वाट काढते. दरड कोसळली तर एकदम अडते. सी.टी. स्कॅनमध्ये ग्रंथीच्या नलिकेत खडे दिसले व नलिका गाठीतून आरपार गेली, तर कल जुन्या सुजेकडे असतो. ती एकाएकी तुटलेली दिसली, तर कर्करोगाचा संशय बळावतो.

तरी चित्र फसवू शकते; जुन्या सुजेत कर्करोगही उद्भवतो. म्हणून तोंडातून दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात व सुईने तुकडा घेतात. त्यात काही न सापडले तरी डॉक्टरांनी सांगितलेली फेरतपासणी चुकवू नये.

कावीळ, घटते वजन, उतारवयात अचानक जडलेला मधुमेह अंगावर काढू नका. आणि आमची एक विनंती : जुने स्कॅन टाकू नका. जुन्या-नव्यातील फरक डॉक्टरांना पुष्कळ सांगतो.