रडणारे प्रेक्षक, जेवणारे प्रेक्षक

1884 साली पॅरिसच्या ‘सलों’ या चित्रप्रदर्शनात जॉन सिंगर सार्जंटने एका उच्चभ्रू स्त्रीचं व्यक्तिचित्र मांडलं आणि एकच गहजब उडाला. काळा झगा, पांढराफटक वर्ण आणि झग्याचा एका खांद्यावरून खाली ओघळलेला पट्टा. तो पट्टा पॅरिसकरांना सोसला नाही. चित्रातल्या बाईंच्या आईने तर चित्र काढून घ्या म्हणून तगादा लावला. प्रदर्शन संपल्यावर सार्जंटने मुकाट्याने पट्टा खांद्यावर चढवून रंगवला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आज दिसते ती हीच दुरुस्त ‘मॅडम एक्स’.

लोक बिथरले आणि चित्रकाराने ब्रश उचलला, इतका सरळ हिशेब क्वचितच असतो. बहुतेक वेळा प्रेक्षक चित्रकाराच्या डोक्यात ठाण मांडून बसतो आणि चित्रकार त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडत राहतो. या भांडणाचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे मार्क रॉथ्को.

1949पर्यंत रॉथ्कोच्या चित्रांतून माणसं, झाडं, वस्तू सगळं गेलं. माणसापेक्षा उंच कॅनव्हास आणि त्यावर एकाखाली एक तरंगणारे दोन-तीन रंगांचे चौकोन, बस्स. अशा चित्रासमोर काही लोक खरोखर रडायचे. दुसऱ्या काहींना तोच पिवळा-नारिंगी रंग दिवाणखान्याच्या भिंतीवर किती खुलेल, असं वाटायचं आणि ते चेकबुक काढायचे. रॉथ्को पहिल्यांना आपलं मानायचा. चित्र काढताना आपण ज्या अनुभवातून जातो त्याच अनुभवातून रडणारा माणूस जातो, नुसत्या रंगसंगतीवर खूश होणाऱ्याला मात्र चित्र कळलेलंच नाही, असं तो समीक्षक सेल्डन रॉडमनशी बोलताना म्हणाला होता. हे म्हणणं थोडं हेकटच. रंग आवडणं हा काही गुन्हा नव्हे. पण या हट्टापायी त्याच्या कामाची पद्धत बदलत गेली.

चित्र मोठं का, तर लांबून बघता येऊ नये म्हणून. एवढ्या आकाराचं चित्र जवळून पाहिलं की बघणारा त्याच्या आत शिरतो, ही त्याची धारणा. रंग तो टर्पेंटाइन घालून अगदी पातळ करायचा आणि एकावर एक थर चढवायचा. त्यामुळे खालचा रंग वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो आणि चौकोनांच्या कडा पुसट राहून थरथरतात. चौकट त्याने काढून टाकली. नावांऐवजी बऱ्याचदा आकडे दिले, म्हणजे शीर्षक वाचून समाधान मानायची सोय उरली नाही. 1961 साली लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत प्रदर्शन झालं तेव्हा त्याने लेखी सूचना धाडल्या: भिंती पांढऱ्याशुभ्र नकोत, त्यात थोडा मातकट तपकिरी (अंबर) आणि लाल मिसळा, उजेड मंद ठेवा, मोठी चित्रं जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर टांगू नका. चित्र विकत घेणाऱ्यांना अशा अटी कितपत मानवल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

1957च्या सुमारास त्याची रंगपेटी काळवंडू लागली. पिवळा मागे पडून मरून, तपकिरी आणि काळा पुढे आले. लोक चित्रं शोभेची वस्तू म्हणून घेतात, ही चीड त्यामागचं एक कारण मानलं जातं. एकट्या चिडीने कुणाचे रंग बदलत नसावेत. तरी पुढचं सीग्रॅम प्रकरण पाहिलं की हे कारण झटकून टाकता येत नाही.

1958 साली न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या नव्याकोऱ्या सीग्रॅम इमारतीतल्या ‘फोर सीझन्स’ या महागड्या उपाहारगृहासाठी भित्तिचित्रं काढायचं काम त्याला मिळालं. बावरी भागातली एक जुनी व्यायामशाळा भाड्याने घेऊन त्याने तिथे त्या भोजनगृहाच्या मापाची मांडणी उभी केली आणि जवळपास तीस चित्रं काढली. मधल्या काळात युरोपच्या बोटीवर भेटलेल्या जॉन फिशर या संपादकापाशी त्याने मनातलं बोलून टाकलं: तिथे जेवायला येणाऱ्या श्रीमंतांची अन्नावरची वासनाच उडावी, असं काहीतरी काढायचंय. फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोने घडवलेल्या ग्रंथालयातल्या बुजवलेल्या खिडक्यांचा ठसा त्याच्या मनावर होता. दारं-खिडक्या चिणलेल्या खोलीत अडकल्यासारखं प्रेक्षकाला वाटावं, हा बेत. म्हणून या चित्रांत भरीव चौकोनांच्या जागी पोकळ, खिडकीच्या चौकटीसारखे आकार आले. कुणाला काय वाटावं हे आधी ठरलं आणि त्यातून आकार घडले.

परतल्यावर तो बायकोला घेऊन त्या उपाहारगृहात जेवायला गेला आणि तिथली मंडळी बघून त्याचं मन उडालं. अशी काळोखी चित्रं समोर ठेवून ही माणसं खुशाल जेवतील, हे त्याला कळून चुकलं असावं. त्याने काम सोडलं, घेतलेले पैसे परत केले. त्यातली नऊ चित्रं पुढे त्याने लंडनच्या टेट गॅलरीला दिली. ती लंडनला पोहोचली त्याच दिवशी, 25 फेब्रुवारी 1970 रोजी, रॉथ्को स्टुडिओत मृतावस्थेत सापडला. त्याने आत्महत्या केली होती.

त्याच्या मृत्यूच्या काही वर्षं आधी, 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रॉथ्कोला भेटले होते. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईच्या ‘जेजे’ कलाशाळेत शिकलेले गायतोंडेही रंगांच्या थरांतून चित्र उभं करत. दोघांची नावं म्हणून नेहमी जोडीने घेतली जातात. प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र गायतोंडे दुसऱ्या टोकाला. वर्षाकाठी मोजकीच चित्रं, एरवी लोकांपासून चार हात लांब. कुणाला चित्रासमोर रडू येतं की जांभई, याची फिकीर त्यांनी केल्याचं दिसत नाही. रॉथ्कोला ती उसंत कधी मिळाली नाही.

त्याच 1964 साली ह्यूस्टनच्या जॉन आणि डॉमिनिक द मेनिल या दांपत्याने त्याला एका प्रार्थनागृहासाठी चित्रं सांगितली. अखेर हवा तसा प्रेक्षक मिळणार होता: न जेवणारा, न बोलणारा, बाकावर निवांत बसणारा. न्यूयॉर्कमधल्या जुन्या तबेल्यात त्याने प्रार्थनागृहाच्या भिंतींची प्रतिकृती उभारली आणि छताच्या काचेखाली पॅराशूटचं कापड ताणून उजेड हवा तितका मऊ केला. चित्रं दोर-कप्प्यांवर टांगलेली. एखादं दोन-चार इंच वर घ्यायचं, तासन्‌तास बघत बसायचं, पुन्हा खाली आणायचं. अंगमेहनतीचं रंगकाम बरंचसं मदतनीस करत. रॉथ्को स्वतःच प्रेक्षक होऊन बसलेला असे.

अशी चौदा काळसर-जांभळी चित्रं घेऊन रॉथ्को चॅपल 1971 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, उघडलं. तिथल्या अभिप्रायवह्या कलेतिहासकार जेम्स एल्किन्सने ‘पिक्चर्स अँड टिअर्स’ या पुस्तकासाठी चाळल्या, तेव्हा रडू आल्याच्या नोंदी त्याला सापडल्या. एक गोष्ट मात्र रॉथ्कोच्या हिशेबात बसली नव्हती. न्यूयॉर्कच्या पॅराशूटखालचा उजेड आणि टेक्सासचं ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक. वरून येणारा भगभगीत प्रकाश अडवायला छताखाली निरनिराळे आडोसे बसवून पाहिले गेले, आणि 2020च्या मोठ्या दुरुस्तीत काचेचं छतच नव्याने बसवावं लागलं.